हिरवळीवरचे गोल डाग

४ नोव्हेंबर
रुजू झालो एकदाचा! बीड बायपासला तात्यासाहेबांचं लग्नाचं लॉन, त्याचा मी सुपरवायझर. कन्नडहून एसटीनं येताना छाती नुसती फुगलेली. आमच्या घरात कृषी डिप्लोमा करणारा मी पहिलाच. खोली गेटजवळ, खिडकीतून सगळी हिरवळ दिसते. जुने माळी पुंजारामबाबा अनवाणीच फिरतात. गवताचं दुखणं तळव्याला आधी कळतं, म्हणाले. मला हसू आलं.

१० नोव्हेंबर
दव पडायला लागलं तसे गवतावर रुपयाएवढे पांढुरके डाग उठले. बुरशी. मी औषध फवारलं, तीन दिवसांत साफ! तात्यासाहेबांनी चारचौघांत पाठ थोपटली. वर माझ्या धाकट्या बहिणीच्या, दीपमालाच्या लग्नाला लॉन देऊ केलं, १४ डिसेंबर. फोनवर आई रडलीच.

२३ नोव्हेंबर
डाग परत आले, भाकरीएवढे. तेच औषध तिसऱ्यांदा मारलं. बाबा म्हणाले, सायेब, बुरशी लई सरावली ह्याला, आता बदला. डब्यावरही तेच छापलंय. पण बदलायचं म्हणजे चुकलो म्हणायचं. न बदलताच नोंदवहीत ‘औषध बदलले’ लिहून मोकळा झालो.

१ डिसेंबर
डाग बघून तात्यासाहेब तापले. माझ्या तोंडून निघून गेलं, की बाबाच औषध पातळ करतात. काम गेलं त्यांचं. जाताना लंगडत होते, तळव्यांवर गोल पांढुरके डाग. लाज वाटली, लई वाटली. तरी गप्प बसलो.

६ डिसेंबर
बाबा दवाखान्यात. पाय काळे पडलेत. डॉक्टर म्हणाले, कुठलंच मलम लागू पडत नाही. ट्यूबवरचं नाव वाचलं, माझ्या डब्यातल्या औषधाचंच भावंड. म्हणजे बुरशी ह्यालाही सरावलेली. बाबांनी उलट मलाच विचारलं, बहिणीच्या लग्नाची तयारी कुठवर आली म्हणून. तोंड लपवून निघालो.

११ डिसेंबर
नवे डाग एकेका पावलावर. हिरवळीतून थेट माझ्या दारापर्यंत. मोजे काढायची हिंमत—

१३ डिसेंबर
बाबा गेले.
गवताला हिरवा रंग मारून घेतला. आता कुणाला काही दिसत नाही. तात्यासाहेबांना सांगायला दोनदा गेलो. दोनदा—

१४ डिसेंबर
पाय टेकवत नाहीत. ताप आहे सांगून खोलीतच पडलोय. हळदीचा पाट गवतावर मांडलाय. दीपमाला चपला काढतेय. ओरडलो तर थांबेल. पण का, असं विचारलं तर सांगावं लागेल सगळ्यांदेखत, चूक बाबांची नव्हती, माझीच—
हाक मारतो. आत्ता मारतो.
तिनं पाऊल—