भाऊंची सलामी आणि आमची सुरक्षा

११ मे
'शेलूच्या घरकुल वसाहतीतल्या माझ्या बंधू-भगिनींनो, सरकारने आपल्याला छप्पर दिलं, पण सुरक्षा दिली नाही.' भाषणाची सुरुवात ठरली. टाळी नक्की.
काल पुतण्याच्या हळदीत शिळफाट्याच्या योगेंद्रभाऊंच्या पिस्तुलातून गोळी सुटली. 'झाडली' म्हणणार नाही. वसाहतीला बोअरवेल त्यांनीच दिली. तिसऱ्या मजल्यावर हर्षलाची खिडकी फुटली, काच लागून तिच्या आरोहीच्या हाताला टाके पडले. कारण उघड आहे: बाहेरच्यांचा वावर.
संकल्प: अध्यक्ष या नात्याने सुरक्षा हाती घेणे.

१२ मे
सभा. मनसोक्त बोललो. मध्येच हर्षला म्हणाली, दादा, हळदीत माइक तुमच्याच हातात होता, गोळी कुणी झाडली ते पोलिसांना सांगाल का. मी म्हटलं, व्यक्ती गौण, व्यवस्था महत्त्वाची. तिने विचारलं, पोरीचा हात पण गौण हाय का. भावनेच्या भरात आहे.
ठराव: बाहेरून येणाऱ्याची गेटवर झडती.

१५ मे
झडती सुरू. गौराबाईची करवंदांची पाटी जातीने उपसली. शस्त्र नाही. म्हातारी म्हणते, पिस्तूलवाले गाडीतून येतात रं बाबा, पाटी घेऊन नाय येत. सहकार्याची वृत्तीच नाही लोकांत.
दुपारी भाऊंची गाडी आत आली. काचा वर होत्या, झडती कशी घेणार?

१८ मे
पुन्हा हर्षला. पोलीस म्हणतात, प्रत्यक्ष पाहणाऱ्याचा जबाब हवा. हळदीतला प्रत्येक जण म्हणतो, मी जेवत होतो. मीही नेमका त्याच क्षणी खाली बघत होतो. बायको रुचिता म्हणाली, फोटोत तर वर बघून टाळ्या वाजवताय. फोटो पाहिला. चेहरा चांगला आला आहे.

२२ मे
गेटवर कॅमेरा. देणगी भाऊंची. मोठं मन. रविवारी उद्घाटनही त्यांच्याच हस्ते. हर्षलाने विचारलं, आवाज पण येतो का. म्हटलं, कुजबुजसुद्धा. तिला विज्ञानाची आवड दिसते.
रुचिता रविवारी लोधिवलीला माहेरी जाणार. म्हणे, तिथे खिडक्या कमी आहेत.

२५ मे, सकाळ
संकल्प: भाऊंविषयी फक्त दोन वाक्यं.

२५ मे, संध्याकाळ
भाषण अप्रतिम. शस्त्रमुक्त वसाहतीची शपथ दिली. लोक भारावले. त्या ओघात तोंडून गेलं: अशा दिलदार नेत्याची पुन्हा एकदा सलामी होऊन जाऊ द्या.
'पुन्हा एकदा' टाळता आलं असतं.
भाऊंनी माझ्या शब्दाला मान दिला. कुणाला लागलं नाही. गच्चीवरची पाण्याची टाकी फुटली. पाणी जिन्याने खाली येत आहे.

२६ मे
कॅमेरा उत्तम. चित्र स्वच्छ, आवाज त्याहून स्वच्छ. रेकॉर्डिंग कुठल्याही रहिवाशाला मिळेल, हा नियम माझाच. पहिला अर्ज हर्षलाचा. ते घेऊन ती पोलीस ठाण्यात जाऊन आली. आता मला बोलावलं आहे. भाऊंना फोन लावतोय, उचलत नाहीत.
जबाबाची प्रस्तावना लिहायला बसलो होतो: लोकशाही, शस्त्र आणि समाज. तेवढ्यात हर्षला दारात, सोबत पट्टीतला हात घेऊन आरोही. म्हटलं, विषय गंभीर आहे, दोन दिवस तयारीला हवेत. ती म्हणाली, तयारी कसली दादा, माइकवर दोनदा बोललात तेच एकदा ठाण्यात बोला. चपला घाला, खाली रिक्षा उभी हाय.