टॉलिव्हरचा कोपरा

२८ जानेवारी

नवऱ्यानं, मर्लनं, आज वचन घेतलंच! खुबा मोडून तो पुनर्वसन केंद्रात पडलाय, चाळीस मैलांवर. आणि सोमवारी पक्षाचा उमेदवार निवडायला शाळेच्या जिममध्ये स्वतः हजर राहावं लागतं. टपालानं मत चालत नाही, बदली माणूस चालत नाही. प्रत्येक उमेदवाराचा एक कोपरा, त्यात उभी राहिलेली माणसं मोजतात. तेव्हा मी टॉलिव्हरच्या कोपऱ्यात उभं राहायचं, मर्लसाठी.

"व्हर्ना, जत्रेत तो माणूस माझ्याशी डुकरांच्या भावावर बोलत बसला. घड्याळाकडे बघितलं नाही एकदा! त्याला एकटं पाडू नकोस."

मला ब्रँडिसबाई पसंत आहेत, हे मर्लला ठाऊक आहे. आमच्या गावचं हॉस्पिटल बंद पडलं, यावर बोलणाऱ्या त्या एकट्याच. ते चालू असतं तर मर्ल आज दोन गल्ल्या पलीकडे असता. पण तो उशीवरून असा बघत होता, की हो म्हटलं.

३० जानेवारी

केंद्रातल्या लोकांसाठी तिथंच बैठक घ्यायचं चाललं होतं. ती रद्द. मोजायला माणूस नाही म्हणे. बर्फ.

३ फेब्रुवारी

झालं एकदाचं. जिममध्ये पॉपकॉर्नचा वास, ओले बूट. ब्रँडिसच्या कोपऱ्यात शेजारची आर्डिस, पीनट बटरच्या वड्यांचं ताट घेऊन. टॉलिव्हरकडे आम्ही चौघं. चौघं! कोच स्टीनहॉफनं मोजलं — मुलांना धावायला लावायचा त्याच आवाजात. शंभरात पंधरा माणसं नसली की कोपरा मोडतो. आमचा मोडला. आता घरी जा, नाहीतर दुसऱ्या कोपऱ्यात.

ब्रँडिसला एकच माणूस कमी पडत होतं. आर्डिस तिकडून ओरडली, "व्हर्ना, ये की गं! वडी देते!"

सगळे हसले. मी कोट घातला. दाराकडे चालले होते, खरंच. मर्लसाठी आले होते, मर्लचं काम संपलं होतं. मग ते बंद हॉस्पिटल आठवलं, आणि वळले. कोपरा टिकला. टाळ्या झाल्या. वडी जरा कडक होती.

४ फेब्रुवारी

दर बुधवारी कोच मर्लकडे पत्ते खेळायला जातो. म्हणजे उद्या. माझ्या कोपरा बदलण्याचं त्यानं सांगायच्या आत मी पोचायला हवं.

५ फेब्रुवारी

रस्ता निसरडा, उशीर झाला. कोच येऊन गेला होता.

मर्ल माझ्याकडे बघेना. टीव्हीकडे तोंड. एरवी जिममध्ये कोण आलं, कोण नाही, सगळं खोदून विचारतो — आज अवाक्षर नाही. आर्डिसनं त्याच्यासाठी दिलेली वडी पुढे केली, तर म्हणाला, "भूक नाही." मर्लला भूक नाही! मफलर घडी करून ठेवला आणि निघाले.

६ फेब्रुवारी

फोन केला. "व्यायामाला नेतायत," म्हणाला आणि ठेवला. एवढा राग? उभी तर राहिले होते ना मी त्याच्या कोपऱ्यात! मोडला त्याला मी काय करू? वाईट वाटतंय. फार.

८ फेब्रुवारी

आज सांगून टाकायचंच म्हणून गेले. मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "व्हर्ना, चिडू नकोस. ती इथली बैठक रद्द नाही झाली. ऐनवेळी माणूस मिळाला, जेवणघरात घेतली. टॉलिव्हरकडे मी आणि एल्मर. एल्मर झोपून गेला. कोपरा मोडला. मग मीच म्हटलं, ढकला माझी खुर्ची ब्रँडिसकडे. तुला तिकडे उभं करून मी इकडे...! कोचला म्हटलं, व्हर्नाला बोललास तर पत्ते बंद." डोळे भरले होते त्याचे.

माझं मी अजून सांगितलं नाही. उद्या सांगेन. आज जरा माफी मागू दे त्याला.