घळीतले दोन शब्द

८ एप्रिल १९५७, येलदरी

उद्या घळीत उतरायचे! धरणात पाणी साठल्यावर ते या कोरड्या घळीतून झिरपून जाईल का, हे तळाचा खडक पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. वाटेत दोन कडे – पहिला अठरा फूट, दुसरा चाळीस. इथला काळा खडक उन्हापावसाने कांद्यासारखे पापुद्रे टाकतो. बोट लावले तरी निखळतो. किती सुंदर रचना – आणि किती दगाबाज!

म्हणून नियम समजावले. दुसऱ्या कड्यावर उतरणारा वरच्यांना दिसत नाही. सारी भिस्त शब्दावर. 'जातो' म्हणजे दोर सैल सोडा. 'येतो' म्हणजे वर ओढा. तिसरा शब्द नाही.

उतरणार रेवणप्पा – आमची मोजणीची साखळी धरणारा. तो हसला. "कड्यावर उभं ऱ्हाऊन 'जातो' कोन म्हनतं, सायेब? बायकू जोड्यानं मारंल! घरून निघतानाबी आमी 'येतो'च म्हनतो."

दोर धरणारा किशनराव म्हणाला, "मंग मुकाच ऱ्हा की. तेवढंच आमच्या कानाला सुख."

मी पुन्हा पहिल्यापासून समजावले. दोन्ही शब्द दहादा म्हणवून घेतले.

९ एप्रिल

पहिला कडा तिघेही सुखरूप उतरलो. दोन कड्यांच्या मधल्या सपाटीवर विटकरी मातीचा थर सापडला – दोन बोटे जाड! उद्या दुसरा.

१० एप्रिल

रेवणप्पा गेला.

पंधरा फूट उतरून तो एका कपारीवर टेकला होता. खालून हाक आली – "येतो!" त्याला पुढे उतरायचे होते. दोर वर ओढला गेला, कड्याच्या काठावर घासला, आणि सुटा थर त्याच्या डोक्यावर कोसळला. त्याला वर काढायला दोन तास लागले. जिंतूरच्या दवाखान्याची वाट अर्धी होईपर्यंत श्वास होता.

गैरसमज झाला. आणखी काय लिहावे?

११ एप्रिल

त्यांच्या लिंगायत रीतीप्रमाणे बसवून माती दिली. खड्डा किशनरावने खणला.

१२ एप्रिल

रेवणप्पाची बायको सिद्धम्मा तंबूशी आली. रडली नाही.

"सायेब, लोक म्हनायलेत, त्येनंच चुकीचा शबुद काढला. खरं हाय का?"

मी म्हणालो, उद्या चौकशी आहे. वरचे साहेब ठरवतील.

"चौकशीला न्हाई, मी तुमाला इचारायले. लेकरं मोठी झाल्यावर इचारतील – बाप आपल्याच चुकीनं मेला का? काय सांगू?"

नियम का केला होता, ते मी तिला समजावू लागलो. ती मधूनच उठून गेली.

१३ एप्रिल

जबाबावर सही केली – 'मयताने ठरलेला शब्द पाळला नाही.' किशनरावने खाली मान घालून अंगठा उठवला.

कड्यावर ती 'येतो'ची हाक आली तेव्हा तो मला म्हणाला होता, "सायेब, त्यो खाली जायलाय. ढील देतो." मलाही ते कळले होते. मीच म्हणालो – "नियम म्हणजे नियम. ओढ."