वरची मूठ

हिंगोली,
३ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. अक्कास,
शिवशंकरचा सा. न. वि. वि.

काल तू हिंगोलीला येऊन गेलीस हे दाजींच्या फोनवरून कळलं. घर एवढं जवळ असताना भाचीचं तोंडही न पाहता परत फिरलीस, म्हणून पुनम फुरंगटून बसली आहे. मी फोनच केला असता, पण दाजी तो स्पीकरवर ठेवतात आणि आपलं बोलणं सगळ्या ओसरीला ऐकू जातं. त्यापेक्षा पत्र बरं. तू सासरी गेल्यापासून आपल्याला तीच सवय आहे.

बारसं २३ तारखेच्या रविवारी नक्की केलं. नाव तू मनात धरून ठेवलं आहेस आणि कुणाला सांगत नाहीस, त्यामुळे आमची लेक सध्या नुसती ‘बाळ’ आहे. घुगऱ्यांचे हरभरे तूच आणणार म्हणाली होतीस, म्हणून मी घेतले नाहीत. आमचे ऑफिसचे साहेबही येणार आहेत, तेव्हा सगळं नीटनेटकं व्हायला हवं.

तुझी तब्येत बरी आहे ना? काल मनाला लागण्यासारखं काही झालं नाही ना? सहज विचारतो. दाजींना नमस्कार, आणि तू आमच्यावर रुसू नकोस.

तुझा,
शिवा

*

नरसी नामदेव,
८ फेब्रुवारी २०२५

चि. शिवशंकर यास,
अक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. पुनमला म्हणावं, रुसून दूध आटवू नकोस, मेथीचे लाडू पाठवते आहे. पण बारशाला माझं येणं व्हायचं नाही. आधी गुडघ्याचं निमित्त लिहिणार होते. मग वाटलं, तुझ्याशी काय खोटं बोलायचं.

बायाबायांत त्या नव्या मार्टची फार चर्चा. साखर स्वस्त, तेल स्वस्त, एकावर एक फुकट. मलाही मोह झाला. जन्मभर किसनरावच्या दुकानातून माल भरला आणि भाचीच्या घुगऱ्यांचे हरभरे आणायला त्याला चुकवून हिंगोलीची एसटी धरली. त्याचं दुकान स्टँडसमोरच, म्हणून पदर तोंडावर घेऊन चढले. तिथूनच माझी चाल बिघडली म्हण.

आत गेले तर थंडगार. हातची पिशवी दारातच काढून घेतली आणि एक बिल्ला दिला. दुकानदार कुठेच नाही, ज्याचं त्याने घ्यायचं. हरभऱ्यांचं मोठं पिंप होतं. दोन दाणे चावून पाहिले, बरे निघाले. प्लास्टिकच्या पिशवीत भरले, एका पोरीने तोलून वर कागद चिकटवला आणि ती दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. मी आपली वाट पाहत उभी. आपल्याकडे माप झालं की दुकानदार वरून एक मूठ टाकतो, त्याशिवाय माप पुरं होतं का? पोरगी काही टाकेना. मला वाटलं, इथे सगळंच आपल्या हाताने घ्यायचं, तर तेही आपणच घ्यायचं असेल. म्हणून पिंपाकडे गेले आणि चांगली ओंजळीसारखी मूठ भरून पिशवीत टाकली. भाचीच्या नावाची मूठ, ती काय लहान भरायची?

पहारेकऱ्याने मनगट धरलं. हिंदीत म्हणाला, की अम्मा, ही चोरी आहे. मी त्याला वरच्या मुठीचं समजावून सांगायला लागले, तर लोक हसले. त्याने पिशवी पुन्हा तोलायला लावली आणि विचारलं, की तुमच्यासोबत कोण आहे. मी म्हटलं, की कोणी न्हाई, एकटीच आले. शेवटी हरभरे तिथेच ठेवले आणि निघाले. दाजींना अजून सांगितलेलं नाही.

ज्या गावात मला चोर म्हटलं, तिथे लेकराच्या पहिल्याच कार्याला मी नको. चार माणसांत कोणी ओळखलं तर तुझी मान खाली जाईल. नाव ठेवायला चुलत बहीण मिनाला बोलाव, तीही आत्याच आहे. तिच्या कानात मी नाव सांगून ठेवीन. पण लाजेपुढे इलाज नाही.

लेकराची दृष्ट काढत जा.

तुझी,
अक्का

*

हिंगोली,
११ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. अक्कास,
शिवशंकरचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून संताप आला. त्या पहारेकऱ्याला माणसं ओळखता येत नाहीत. एका म्हाताऱ्या बाईला गुळाच्या ढेपांपाशी उभं करून, तिचा पदर खांद्यावर घसरलेला, तोही सावरू न देता सगळ्यांसमोर बोलणं ही काय रीत झाली? मी तिथे असतो तर त्याची गचांडी धरली असती.

पण अक्का, तू हे मनाला लावून घेऊ नकोस. कोणी ओळखीचं नव्हतं, कोणाच्या लक्षातही राहणार नाही. असल्या दुकानांत रोज काही ना काही होतच असतं. मिना आली तर तिचा मान करूच, पण पाळण्याची दोरी पहिल्यांदा तुझ्याच हाती जायला हवी. पुनम म्हणते, की तू आली नाहीस तर बारसंच पुढे ढकलू. तिला मी खरं कारण सांगितलेलं नाही, गुडघाच सांगितला आहे.

कृपा करून ये. आम्हां लहानांवर माया असू दे.

तुझा,
शिवा

*

नरसी नामदेव,
१५ फेब्रुवारी २०२५

चि. शिवास आशीर्वाद.

‘मी तिथे असतो तर’ हे वाचून मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. शिवा, तू होतास.

गुळाच्या ढेपांचं मी लिहिलं नव्हतं. पदराचंही नाही. पण त्यावरून तुला पकडते आहे असं समजू नकोस, मी तुला त्याच वेळी पाहिलं होतं. पुढे तू फोटोत दाखवलेले तुझे साहेब, मागे तू, तेलाच्या डब्यांनी भरलेली त्यांची गाडी ढकलत. पहारेकऱ्याने मला धरलं आणि तू पाठ फिरवून साबणाच्या वड्या बघायला लागलास. डोक्यामागचा तो भोवरा मी ओळखणार नाही काय? आई शेतात जायची तेव्हा त्याच्यावर तेल मीच थापलं आहे.

तुला हाक मारायला मी तोंड उघडलं होतं. पण हाक मारूनही तू वळला नाहीस तर मग मी कुठे जायचं, म्हणून मिटून घेतलं. एकटीच आले असं त्याला सांगितलं ते त्यामुळे. दुसरं असं, की साहेबांची गाडी ढकलताना अक्काने आपल्याला पाहिलं, याची तुला तकलीफ होईल असंही वाटलं. पहारेकऱ्याच्या बोलण्याची लाज दोन-चार दिवसांत ओसरली. तुझ्या पाठीची मात्र जात नाही. गाव काय म्हणेल म्हणून येत नाही असं लिहिलं, पण खरं म्हणजे तुझ्या घरात तुझ्यासमोर कुठे बघायचं हेच मला कळत नव्हतं.

काल किसनरावकडे गेले. बारशाचे हरभरे म्हटल्यावर त्याने माप केलं आणि लेकराच्या नावाने एक आणि आत्याच्या नावाने एक, अशा दोन मुठी वरून टाकल्या. मी तिथेच रडायला लागले. त्याला वाटलं भाव जास्त लागला, बिचारा कमी करायला निघाला.

तेव्हा मी येते. लेकराने माझं काही वाईट केलेलं नाही. एकच अट. घुगऱ्या वाटताना दाराशी माझ्या बाजूला तू उभा राहायचंस. साहेब आले की त्यांच्या हातावर मी मूठभर घालीन, आणि ही बाई कोण, हे तू तोंडाने सांगायचंस.

रात्री लेकराला वारा लागू देऊ नका.

अक्का

*

हिंगोली,
२० फेब्रुवारी २०२५

ती. सौ. अक्कास,
तुझ्या पायांवर डोकं ठेवून शिवाचा नमस्कार.

पत्र मंगळवारी मिळालं. पुनमला सगळं वाचून दाखवलं. ती माझं ताट वाढून आत निघून गेली. मी ताट तसंच झाकून ठेवलं. मला माझी लाज वाटते, अक्का.

तुझी अट मी थोडी मोडली आहे. रविवारपर्यंत थांबवलं नाही. काल शिवजयंतीची सुट्टी होती, म्हणून आज ऑफिस उघडल्याबरोबर साहेबांच्या टेबलापाशी गेलो आणि सांगितलं, की मार्टमध्ये हरभऱ्यांवरून ज्या बाईला अडवलं होतं ती माझी सख्खी मोठी बहीण, आणि तिने चोरी केलेली नाही.

साहेबांनी विचारलं, कोण बाई? मी हिरवं लुगडं सांगितलं, हरभरे सांगितले, लोक हसले तेही सांगितलं. त्यांना काही आठवेना. ते त्या वेळी एकावर एक फुकट बिस्किटांचे पुडे मोजत होते म्हणे. मग बारसं किती वाजता आहे तेवढं विचारून त्यांनी फाइल उघडली.

जागेवर येऊन बसलो तरी मान वर करवेना. ज्यांच्यापुढे लाज जाईल म्हणून मी पाठ फिरवली, त्यांनी तुझ्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. त्या अख्ख्या दुकानात तुला ओळखणारा मी एकटाच होतो.

शनिवारी स्टँडवर घ्यायला येतो. तू उतरशील त्या दाराकडे तोंड करून उभा असेन. माया करण्यासारखा मी उरलो असेन तर करत राहा.

तुझा,
शिवा