पुन्हा वाजणाऱ्या पेटीची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय एकोणसत्तर, कॉन्व्हेंट शाळेची माजी विद्यार्थिनी आणि त्याच शाळेतली निवृत्त विज्ञान शिक्षिका, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. शुद्धीचा पुरावा लागल्यास, आज सकाळची रक्तदाबाची गोळी मी वेळेवर घेतली आहे. खाडाखोड करू नये अशी शाळेतल्या नन मंडळींची शिकवण होती. ती शक्यतो पाळीन.

कलम एक. माझे राहते घर, दोन खोल्या आणि गच्चीचा वापर, माझ्या पुतणीला. तिच्या कंपनीला नव्हे, तिला. हा फरक वकिलांनी ठळक लिहायला सांगितला आहे. ती माझ्या दिरांची मुलगी, पण अर्धे बालपण तिने माझ्या ओट्यावर बसून कच्च्या शेंगा खाण्यात घालवले. आता शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत तिची पाच माणसांची कंपनी आहे. त्यांचे अ‍ॅप म्हाताऱ्या माणसांना फोनवर औषधाची आठवण करून देते. माणसाने लक्ष दिले नाही, तर थोड्या वेळाने पुन्हा करून देते.

कलम दोन. माझे दिवंगत पती (यापुढे नुसते 'हे', कारण हयातीतही मी तेवढेच म्हणत असे) लिफ्ट दुरुस्त करीत. त्यांची पाने, पकडी आणि तारांची भेंडोळी आमच्या इमारतीच्या लिफ्टवाल्यांना. लहान पक्कड त्यांच्याकडेच आहे. "वहिनी, पाच मिनिटांत आणून देतो," म्हणून नेली, त्याला सहा वर्षे झाली. आता संच पूर्ण होईल.

कलम तीन. औषधांची पेटी. सासूबाई गोळी घ्यायला विसरत आणि गजर लावला तर तो बंद करून पुन्हा झोपत. म्हणून ह्यांनी मोडक्या लिफ्टच्या दाराचे बटण गोळ्यांच्या डब्याच्या झाकणाला बसवले. ठरल्या वेळी घंटा वाजे. झाकण उघडले नाही, तर दहा मिनिटांनी पुन्हा.

"तुझ्या बायकोसारखीच आहे की ही," सासूबाई म्हणाल्या. "ऐकेपर्यंत गप्प म्हणून बसत नाही."

पेटी अजून चालते. ती पुतणीला.

कलम चार. बैठकीतल्या भिंतीवरचे पेटंटचे प्रमाणपत्र. अठरा वर्षांपूर्वी आम्ही दोघे पेटंटच्या वकिलांकडे गेलो. ते म्हणाले, "डबा म्हणू नका, साधन म्हणा. घंटा नको, संकेत म्हणा. झाकण उघडणं नको, प्रतिसाद." अशा रीतीने आमच्या गोळ्यांच्या डब्याचे 'प्रतिसाद न मिळाल्यास पुन्हा संकेत देणारे साधन' झाले. या व्याख्येत मीसुद्धा बसत होते.

मग त्यांनी विचारले, "ही वस्तू आधी कुठे जाहीर दाखवलीय?"

"छे हो, घरातच असते," हे म्हणाले.

जिन्यात मी म्हटले, "अहो, आपल्या शाळेच्या प्रदर्शनात मांडली होती ना? दीड वर्ष झालं."

"ती पोरं होती गं. पोरांना दाखवलं म्हणजे काय जगाला दाखवलं?"

परत सांगायला तीन मजले चढावे लागले असते, लिफ्ट बंद होती आणि दुसऱ्या कंपनीची असल्याने हे तिला हात लावायला तयार नव्हते. मीही गप्प बसले.

शाळा सोडल्याच्या दाखल्यानंतर ह्यांना मिळालेला हा पहिला शिक्क्याचा कागद. दर रविवारी ओल्या फडक्याने काच पुसत आणि चौकट सरळ असली तरी पुन्हा सरळ करीत.

कलम पाच. माझे मोठे भिंग भाऊजींना, म्हणजे माझ्या दिरांना. हे गेल्यावर वर्षभरात ते चौदा पानी करार घेऊन आले. "वहिनी, पेटंटला गिऱ्हाईक मिळतंय. सही करा. भिंतीवरचा कागद काय, तुमच्याकडेच राहील." 'आधी प्रश्न नीट वाचा' असे पोरांना आयुष्यभर बजावणाऱ्या मी न वाचता सही केली. आलेल्या पैशांत कपडे धुण्याचे यंत्र घेतले. भाऊजींनी पुढच्या वेळी कुणालाही सही करायला सांगण्याआधी बारीक अक्षर या भिंगातून वाचावे. राग नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ. पण भिंग घ्यावेच.

कलम सहा. पेटंट विकत घेणारी ती कंपनी स्वतः एक स्क्रूसुद्धा बनवत नाही. ती लोकांची पेटंटे घेते आणि जो कुणी काही बनवेल त्याला नोटीस धाडते: आमचे वापरलेत, पैसे द्या, नाहीतर कोर्टात या. मोठ्या कंपन्या कटकट नको म्हणून देतात. मागच्या महिन्यात नोटीस माझ्या पुतणीला आली. काकांच्या पेटीवरून.

"अशांना ट्रोल म्हणतात, काकू. पुलाखाली बसून वाट अडवणारा राक्षस."

"अगं, मग तो पूल मीच विकलाय की."

ती हसली, पण डोळे प्रमाणपत्राकडे होते. "वकील म्हणतात, अर्जाच्या आधीच वस्तू जाहीर झाल्याचा पुरावा मिळाला तर पेटंटच टिकत नाही. मिळाला नाही तर ते मागतील ते द्या, नाहीतर गाशा गुंडाळा."

"मग शोधतेस ना?"

"नाही शोधत. काकांचा कागद खोटा पाडायला मी कोर्टात उभी राहू? त्यापेक्षा कंपनी बंद करते."

मी चहा गाळत राहिले. पुरावा माझ्या लोखंडी ट्रंकेत होता. रिकाम्या चौकटीकडे बघायची हिंमत नसल्याने मी पळवाट काढली आणि आज येथे लिहिले:

~~शाळेचा प्रदर्शनाच्या वर्षीचा वार्षिकांक माझ्या मृत्यूनंतर पुतणीला द्यावा.~~

पानाचा क्रमांक लिहावा म्हणून अंक उघडला. पान त्रेचाळीस. पेटीशेजारी हे, शर्टाची बटणे गळ्यापर्यंत लावलेली. खाली जोडणीची आकृती. लेख त्यांनी सांगितलेला, शुद्धलेखन माझे. शेवटची ओळ मी विसरले होते: "ज्याला हवी त्याने ही पेटी घरी करून पाहावी. अडले तर मला येऊन विचारावे."

म्हणजे ह्यांनी आपली व्यवस्था आधीच लिहून ठेवली होती, आणि तीही माझ्याच हातून.

कलम सात. नन मंडळींची क्षमा मागून, वर खोडलेले वाक्य मी रद्द करते. सुनावणी एकवीस तारखेला आहे आणि माझा एवढ्यात मरण्याचा विचार नाही. वार्षिकांक आज दुपारी पुतणीच्या हातात दिला आहे. ती रडली, मग म्हणाली, "काकू, तुम्ही साक्षीला याल?" येणार आहे. जिन्यात जे वर जाऊन सांगायचे राहिले, ते तिथे सांगेन. प्रमाणपत्र रद्द झाले तरी भिंतीवरच राहील आणि घर मिळालेल्या व्यक्तीने ते दर रविवारी पुसावे.

कलम आठ. अंमलबजावणी शेजारच्या दातांच्या डॉक्टरीणबाई करतील. नको असलेले उपटून काढताना त्यांचा हात थरथरत नाही.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, दोघांच्या देखत सही करत आहे. यावेळी खरोखर वाचून.

सही: लिहून देणार

साक्षीदार १: दातांच्या डॉक्टरीणबाई, शेजारचे घर

साक्षीदार २: आमच्या शाळेचे निवृत्त कारकून. (वार्षिकांकाची एक प्रत त्याच वर्षी सार्वजनिक वाचनालयात दिल्याची पोच यांनी जपून ठेवली आहे. तेही एकवीसला येतील.)

स्थळ: माझे स्वयंपाकघर
दिनांक: ९ मार्च, संध्याकाळी सहा

नोंद: सह्या चालू असताना पेटी दोनदा वाजली. झाकण उघडले. गोळी घेतली.