स्लॅबखालचा बाप

गुरुवार, ३ जून २००४. रेणापूर

आजही साक्षी रात्री आठला शेजारच्या बानोकडे दूरदर्शन पाहावयास गेली. नवी विनोदी मालिका आहे म्हणे. एका अविवाहित गृहस्थावर अचानक भाचीच्या संगोपनाचा भार येतो. त्यास वेणी घालता येत नाही, यावर सर्व हसतात!

मला आली. त्र्याण्णवच्या भूकंपात मुलगा व सून गेली, तेव्हा माझी ही नात साक्षी चार वर्षांची होती. अंबाडीच्या तीन पेडांवर सराव करून मी वेणी शिकलो. कोणीही हसले नाही.

गुरुवार, १० जून

नेहमीप्रमाणे बानोच्या खिडकीबाहेर उभा राहिलो. साक्षीस हे ठाऊक नाही. आत जाणे शक्य नाही — वर स्लॅब आहे. गावाकडील घराचे मातीचे माळवद कोसळताना मी ऐकले आहे. तेव्हापासून पत्र्याखेरीज कोणत्याही छताखाली गेलो नाही.

बानोने पाहिलेच. “आप्पा, अंधारात काय उभे? आत या की!”

“हळू बोला, बाई.”

मालिकेतील गृहस्थाने पोळी जाळली. साक्षी केवढ्याने हसली! माझ्यासमोर ती इतके कधीही हसलेली नाही. मी काय कमी पोळ्या जाळल्या?

सोमवार, १४ जून

साक्षीस दहावीत एकोणनव्वद टक्के. तिला लातूरच्या क्लासलाच जावयाचे आहे. तिचे गुरुजी व्यंकटराव आले होते. “पालकानं सोता सही करावी लागती, आप्पा. हापिस तिसऱ्या मजल्यावर हाय. बावीस तारीख शेवटची.”

“कागद येथे आणावा,” असे मी सांगितले.

“तसं चालत न्हाई.”

साक्षी कोपऱ्यातून म्हणाली, “त्या मालिकेतला मामा गेला असता.”

जेवलो नाही.

गुरुवार, १७ जून

मालिका बंद पडली! सातच भाग झाले. पेढे आणावेत असे वाटले.

“आप्पा, त्या पोरीचं पुढं काय झालं असंल हो?” साक्षीने विचारले.

“मला काय ठाऊक!” फार तुटक बोललो.

शनिवार, १९ जून

बानो दारात येऊन म्हणाली, “बरं झालं बंद पडली. कान किटले माझे! पोरगी आवाज फुल करायची. बारीक कर म्हटलं, तर म्हणायची — न्हाई चाची, आप्पा खिडकीपाशी हायत, त्यांना ऐकू यायला पाहिजे. हसायची बी तुमच्याकडं तोंड करून.”

“असे होय,” म्हणालो.

रात्री उंबऱ्यावर बसून सही गिरवली.

मंगळवार, २२ जून. लातूर

तिसरा मजला. सही केली. एवढे वाकडे अक्षर जन्मात आले नव्हते. “आप्पा, हे काय हो!” म्हणून साक्षी मोठ्याने हसली.

या वेळी मीही त्याच छताखाली होतो.