दोन चपला चिखलात राहिल्या

प्रिय राऊत बाई,

साष्टांग नमस्कार वगैरे लिहीत नाही. आज मला माझीच इतकी किळस आलीय की तुमच्या पाया पडायचीही लाज वाटते. तुम्हाला जाऊन महिना झाला. इतके दिवस तुम्हाला चार ओळी लिहाव्यात असं सुचलं नाही, आणि आज शाळेतून आल्या आल्या चहासुद्धा न घेता बसलेय. कारण आज तपासणीच्या साहेबांनी माझ्या टाचणवहीत लाल शाईने शेरा मारला, 'अत्यंत उत्साही शिक्षिका.' बाई, तो शेरा तुमचा आहे. मी तो ढापलाय.

पहिल्यापासून सांगते. तुम्ही निवृत्त होऊन दोन वर्षं होत आलेली, तरी तुमच्या शोकसभेला मोठ्या बाईंनी फ्लेक्स लावला होता. तुमचा फोटो आणि खाली 'उत्साहमूर्ती'. याच मोठ्या बाई ना, ज्यांनी तुमच्या सहलीच्या अर्जावर 'आधी पोर्शन पूर्ण करा' असं लिहून अर्ज परत पाठवला होता? आणि देसाई सर तर बोलता बोलता रडले. देसाई सर! तुमचा तास लांबला की स्टाफरूममध्ये तुमची नक्कल करायचे ते. 'मुलांनो, गंमत बघा, गंमत!' हात अगदी तुमच्यासारखे हलवून. सगळे खो खो हसायचे.

पण खरं सांगू? मीही हसायचे, बाई. तुमचीच विद्यार्थिनी, तुमच्याच शाळेत शिक्षण सेवक म्हणून लागलेली, पदराने तोंड झाकून हसायचे. एकदा नक्कल चालू असताना तुम्ही दारात उभ्या होतात. ऐकलंत का तेव्हा? ऐकलंच असणार. आत येऊन डबा उघडलात आणि मला म्हणालात, "वैशाली, भोपळा केलाय, घे." एकदा तरी ओरडायचं होतंत! इतकं कसं गिळून टाकलंत?

सभेनंतर आठवड्याने तुमची मुलगी दोन पिशव्या भरून तुमच्या टाचणवह्या शाळेत देऊन गेली. 'आईला आवडलं असतं,' म्हणाली बिचारी. त्या वह्यांचं काय झालं सांगू? तपासणी तोंडावर आलेली, आणि आमच्यापैकी निम्म्यांच्या वह्या दिवाळीपासून कोऱ्या. मोठ्या बाईंनी पिशव्या स्टाफरूमच्या टेबलावर उपड्या केल्या आणि म्हणाल्या, "राऊत बाईंचं टाचण झकास असायचं. आपापला विषय शोधा आणि उतरवून घ्या." तुम्हाला जाऊन पंधरा दिवस झाले होते. फुलांचा हार अजून फोटोवर होता.

मला ते पटलं नाही. तसं मी म्हटलंही. देसाई सर म्हणाले, "अगं, काय टेन्शन घेतेस? कॉपी मार, साइन घे, खतम. पोरांना कुठे काय फरक पडतो?" आणि मी बसले, बाई. जूनमध्ये माझी तीन वर्षं पूर्ण होतायत. तपासणी चांगली झाली तर कायम, नाहीतर पुन्हा आम्ही आणि आमचे अर्ज. टीव्हीवर मालिका चालू होती, आणि मी सातवीचं 'बाष्पीभवन' तुमच्या वहीतून माझ्या वहीत उतरवत होते. तारखा तेवढ्या बदलल्या.

तुमचं टाचण इतरांसारखं नसायचं हे मी विसरलेच होते. आम्ही सगळे टाचण आधी लिहून ठेवतो, तास कसा होणार ते. तुम्ही तास झाल्यावर लिहायचात, काय झालं ते. त्याबद्दल तुम्ही बोलणीही खाल्लीत. त्या पानावर लिहिलं होतं, 'मुलांना मुर्ध्याच्या मिठागरावर नेले. पाणी आटून मीठ धरताना दाखवले. मुलांनी चाखले. दोन चपला चिखलात राहिल्या.' मी हेसुद्धा उतरवलं. चपलांसकट! डोकं कुठे ठेवलं होतं मी?

आज साहेब माझ्या वर्गात आले. सातवी ब. वही चाळता चाळता एकदम थांबले आणि हसले. "वा! मिठागरावर गेला होतात? चपला कोणाच्या राहिल्या रे?"

एकेक पोर माझ्याकडे बघायला लागलं. मिठागर सोडा, मी वर्षभर त्यांना शाळेच्या फाटकाबाहेर नेलेलं नाही. बाष्पीभवन म्हणजे काय, उत्तर दोन ओळींत, फळ्यावरून लिहून घ्या, पाठ करा. हा माझा तास. लिहून देताना मी खिडकीतून समोरच्या टॉवरचा स्लॅब किती वर आला ते बघत असते.

आणि बाई, त्याच क्षणी मला आठवलं. त्यातली एक चप्पल माझी होती! निळ्या पट्ट्याची. मी रडायला लागले होते, आई मारेल म्हणून. तुम्ही साडी खोचून गुडघाभर चिखलात उतरलात, हात घालून शोधलीत, सापडली नाही. मग तिथूनच ओरडलात, "वैशाली, चप्पल जाऊ दे, इकडे बघ! धरलं बघ मीठ! धरलं!" तिथला मिठागरवाला हसत म्हणाला, "रोजच धरतं हाय ते, बाई." तुम्ही त्याला म्हणालात, "अहो, पण माझी पोरं आज पहिल्यांदा बघतायत ना!" सतरा वर्षं मी ते वाक्य विसरले नव्हते, आणि उतरवताना मला कळलं नाही की मी माझीच चप्पल उतरवतेय. इतकी कशी मी मेले, बाई, माझ्याच वर्गात?

साहेब उत्तराची वाट बघत होते. तेवढ्यात प्रणाली उठली. मुर्ध्याची आहे, तिसऱ्या बाकावर बसते, वर्षभरात स्वतःहून कधी बोललेली नाही. म्हणाली, "माझी चप्पल, सर." आणि मग सुरूच झाली. भरतीचं पाणी कसं आत घेतात, वाफ्यात कसं सोडतात, आधी वर साय धरल्यासारखं दिसतं, मग लाकडी फावड्याने कसं ओढतात, पाय कसे झोंबतात. "आणि बाई साडी खोचून पाण्यात उतरल्या, सर. ओरडत होत्या, धरलं, धरलं!" साहेब खूश! तिची पाठ थोपटली, माझ्याकडे बघून म्हणाले, "असे शिक्षक हवेत." आणि तो शेरा मारला. मी काय केलं? मी 'थँक्यू सर' म्हटलं.

बारा वर्षांची पोर माझ्यासाठी खोटं बोलली आणि मी थँक्यू म्हटलं!

ते गेल्यावर मी प्रणालीला विचारलं, "का बोललीस खोटं?"

"तुमाला वरडले असते ना ते."

"पण तुला हे सगळं कुणी सांगितलं?"

"आज्यानी. मिठागरान कामाला व्हता तो. सांगायचा, एक बाई पोरांना घेवून यायची दर वर्साला, साडी खोचून उतरायची. आता आजा न्हाय, आन मिठागर बी न्हाय तिथं, बिल्डिंग झाली हाय." मग तिने विचारलं, "बाई, ती बाई खरंच व्हती?"

खरंच होती का, विचारते, बाई! तुमचा फ्लेक्स अजून जिन्यात लटकतोय, आणि तुमचा तास कधी न मिळालेल्या माझ्या वर्गाला तुम्ही कोण ते माहीत नाही. कुणी सांगणार होतं? मी?

सांगितलं मग, सगळ्या वर्गाला. चपलेपासून सुरुवात केली. तुम्ही मुठीत आणलेलं ओलं मीठ, तुमच्या झोंबलेल्या पायांना वर्गातल्या पोरींनी लावलेलं खोबरेल, सगळं. मधली सुट्टी झाली. घंटा वाजली ती मला ऐकू आली, पोरांना आली नाही. एकही उठलं नाही, बाई. मागच्या बाकावरचे सुद्धा पुढे येऊन जमिनीवर बसले. वर्षभर मी याच पोरांना मठ्ठ म्हणत होते. स्टाफरूममध्ये बसून, देसाई सरांच्या शेजारी.

वही आता माझ्यासमोर आहे. लाल शेऱ्याखाली मी माझ्या पेनाने लिहिलंय, 'या पानावरचे काहीही मी केलेले नाही. हे राऊत बाईंनी केले होते. मी तेव्हा विद्यार्थिनी होते.' खाली सही केलीय. उद्या ही वही मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवणार. त्या काय म्हणणार तेही ठाऊक आहे, "जूनमध्ये कायम व्हायचंय ना तुला?" व्हायचंय हो! खूप व्हायचंय. कशाला लपवू?

वहीत सहलीचा अर्ज ठेवलाय. राई गावाच्या पुढे अजून थोडं मिठागर चालू आहे, असं प्रणाली म्हणते. वडील सोबत येतील, असंही म्हणाली. पालकांच्या चिठ्ठ्या मी गोळा करीन. अर्ज 'पोर्शन' लिहून परत आला तर दुसरा देईन, तो परत आला तर तिसरा. तुमच्याइतकं गिळायला मला जमणार नाही, मी भांडेन. आणि तोवर उत्तनच्या किनाऱ्यावरून खाऱ्या पाण्याचं एक पातेलं मागवून वर्गाच्या खिडकीत ठेवते.

तुम्हाला वचन देते, बाई, टाचण मी आता मुलांना नेऊन आल्यावरच लिहीन. पाय झोंबत असताना. आणि चपला कितीही राहिल्या तरी त्या माझ्या वर्गाच्या असतील.

तुमची,
वैशाली
सातवी ब, एका पायात चप्पल